नाव आधी, फाँट नंतर: व्यवसायासाठी देवनागरी अक्षरवळण निवडताना

१. प्रस्तावना

जाहिरातकला, वाणिज्य किंवा जनसंज्ञापन शिकताना "ब्रँडसाठी टाइपफेस कसा निवडावा?" हा प्रश्न तुमच्यासमोर कधी ना कधी येतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका कोष्टकाच्या रूपात मिळते. सेरिफ म्हणजे परंपरा आणि विश्वास, सॅन्स सेरिफ म्हणजे आधुनिकता, हस्ताक्षरी वळण म्हणजे आपुलकी, जाड शोभिवंत वळण म्हणजे ठसका. बँकेला पहिला रकाना, स्टार्टअपला दुसरा, मिठाईच्या दुकानाला चौथा. परीक्षेत हे कोष्टक लिहिले की गुणही मिळतात.

या पाठात आपण त्या कोष्टकाची चिकित्सा करणार आहोत. ते रोमन लिपीच्या इतिहासातून तयार झाले आहे आणि देवनागरीत लिहिलेल्या नावाला ते जसेच्या तसे लावले, तर निवडीचे खरे प्रश्न झाकले जातात. देवनागरीत निवडीची सुरुवात "भावना कोणती?" इथून करण्याऐवजी "नाव कोणते, त्यात अक्षरे कोणती आणि ते वाचणाऱ्याची भाषा कोणती?" इथून करावी, असे या पाठाचे म्हणणे आहे.

दोन संज्ञा आधी स्पष्ट करून घेऊ. टाइपफेस म्हणजे अक्षरांचे एकसूत्री वळण, त्यांचा चेहरा. फाँट म्हणजे ते वळण संगणकावर वापरता यावे म्हणून बनवलेली फाइल. बोलताना आपण दोन्हींना फाँटच म्हणतो आणि त्याने फारसे बिघडत नाही.

२. उदाहरणासाठी तात्यापारा का?

तात्यापारा ही रायपूर शहरातील एक जुनी वस्ती. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. ‘तात्या’ हा शब्द मात्र मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ पर्यंत छत्तीसगढावर होता आणि त्या काळापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात वसत आली. पुढे याच प्रदेशातून माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारेही तेच. मातृभाषा मराठी, लेखन हिंदी आणि दोन्हींची लिपी एकच, अशी ही परिस्थिती आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फार उपयोगी आहे. मुंबईत मराठी आणि इंग्रजी पाट्यांची लिपी वेगळी असते, त्यामुळे फरक लगेच दिसतो. रायपुरात मराठी नाव हिंदी वाचकांसमोर त्याच देवनागरीत उभे राहते. अशा ठिकाणी टाइपफेसने केलेले छोटे फरक फार बोलके होतात.

३. कोष्टकाची पहिली अडचण: सेरिफ कुठे आहे?

सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकाला असलेली छोटी आडवी पट्टी. देवनागरीत तसा अवयव नाही. आपल्या अक्षरांना शिरोरेषा असते, पण ती संपूर्ण शब्दाला बांधते. तिला सेरिफ म्हणणे म्हणजे घराच्या तुळईला दाराची कडी म्हणण्यासारखे आहे.

मग देवनागरीत "जुने" आणि "नवे" कशावरून ओळखू येते? मुख्यतः रेघेच्या जाडीवरून. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते. त्यामुळे एकाच अक्षरात एक रेघ जाड आणि दुसरी बारीक उमटते. पोथ्यांमधले हे वळण छपाईच्या खिळ्यांतही उतरले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप देशभर नावाजला गेला, त्यामागे हा जाड-बारीक तोल होता. याउलट ज्या वळणात सगळ्या रेघा जवळजवळ सारख्या जाडीच्या असतात, ते आपल्याला आजचे, यंत्राचे, पडद्यावरचे वाटते.

म्हणजे देवनागरीत पहिला भेद "जाड-बारीक रेघ" आणि "समान रेघ" असा करावा. त्यानंतर शिरोरेषा किती जाड, अक्षरांच्या पोटातली पोकळी किती मोकळी, टोके गोल की छाटलेली, हे प्रश्न येतात. हे चार प्रश्न विचारले की "सेरिफ घेऊ की सॅन्स?" हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही.

४. दुसरी अडचण: नावाची स्वतःची रचना

आता ‘तात्यापारा’ हाच शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्यातले उभे दंड मोजा. ‘ता’ मध्ये दोन, ‘त्या’ मध्ये दोन (अर्ध्या त चा दंड गळतो), ‘पा’ मध्ये दोन आणि ‘रा’ मध्ये एक. एकूण सात. दंड नसलेले पूर्ण अक्षर एकच, र. शब्द जणू कुंपणाच्या काठ्यांसारखा उभा राहतो.

याचा निवडीवर थेट परिणाम होतो. फार जाड टाइप घेतला, तर अक्षराचा दंड आणि त्याला लागून येणारा काना यांच्यामधली फट अरुंद होते. जवळून शब्द छान भरलेला दिसतो, पण रस्त्यापलीकडून किंवा चालत्या गाडीतून सात दंडांचा एकच ठोकळा होतो. म्हणून अशा नावासाठी मध्यम जाडीचे वळण घ्यावे आणि काना व अक्षर यांच्यातले अंतर नजरेने तपासावे. आकर्षक वळण शोधण्याआधी हे अंतर पाहणे अधिक फायद्याचे आहे.

याच शब्दाची एक सोयही आहे. त्यात शिरोरेषेच्या वर काही नाही आणि अक्षरांच्या खालीही काही नाही. मात्रा, वेलांटी, रफार, उकार यांपैकी एकही चिन्ह येत नाही. त्यामुळे दोन फूट उंचीच्या पाटीवर ही अक्षरे जवळजवळ पाटीभर मोठी करता येतात. आता ‘बैंक ऑफ महाराष्ट्र’ हे नाव पाहा. वर मात्रा, अनुस्वार आणि अर्धचंद्र आहेत. खाली ‘ष्ट्र’ चे जोडाक्षर उतरते. तेवढ्याच उंचीच्या पाटीवर मूळ अक्षरे लहान करावीच लागतील. रोमन लिपीतही काही अक्षरे वर जातात, काही खाली येतात, पण इंग्रजीत सगळे नाव कॅपिटलमध्ये लिहून तो प्रश्न टाळता येतो. देवनागरीत अशी पळवाट नाही.

नावाची रचना टाइपफेसच्या आधी असते, ती अशी. हेच वळण एका दुकानाला शोभते आणि शेजारच्या दुकानाला शोभत नाही, याचे कारण पुष्कळदा दोन व्यवसायांच्या स्वभावात नसून दोन नावांच्या अक्षरांत असते.

५. तीन वळणांची परीक्षा

सध्या मोफत मिळणाऱ्या आणि विद्यार्थी हमखास वापरतात अशा काही टाइपफेसवर ही कसोटी लावून पाहू.

पॉपिन्स. इंडियन टाइप फाउंड्रीचे हे वळण देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिपींसाठी एकत्र आखलेले आहे. वर्तुळ आणि सरळ रेघ हा त्याचा पाया. देवनागरी अक्षराची उंची रोमनच्या उंच अक्षरांइतकी ठेवली आहे आणि रोमन कॅपिटल अक्षरे देवनागरीपेक्षा किंचित बुटकी आहेत. त्यामुळे दुभाषी पाटीवर देवनागरी दबून जात नाही. हा त्याचा मोठा गुण. पण पॉपिन्स निवडले जाते ते गोलाईसाठी. रोमनमध्ये हे नाव लिहिले तर गोल पोटाची अक्षरे पाच येतात, चार ‘ए’ आणि एक ‘पी’. तिथे टाइपचा स्वभाव पुरता खुलतो. देवनागरी ‘तात्यापारा’मध्ये पूर्ण वर्तुळाचे एकही अक्षर नाही. एकाच लोगोच्या दोन ओळी वेगवेगळा स्वभाव दाखवू लागतात. दोष टाइपफेसचा नाही. निवड करणाऱ्याने फक्त रोमन ओळ पाहून निर्णय घेतला, हा दोष आहे.

बलू आणि मोदक. एक टाइप या मुंबईच्या गटाची ही वळणे. बलू जाड, मऊ टोकांचा, हसरा आहे. निरनिराळ्या भारतीय लिपींसाठी त्याची भावंडे तयार केलेली आहेत, त्यामुळे अनेक राज्यांत जाणाऱ्या व्यवसायाला तो सोयीचा पडतो. मोदक तर इतका गुबगुबीत आहे की अक्षरांतल्या पोकळ्या जवळजवळ बुजतात आणि बारीक फटींवरून अक्षर ओळखावे लागते. खाऊच्या पाकिटावर, मुलांच्या पुस्तकाच्या वेष्टनावर तो शोभतो. सात दंडांच्या नावाला पाटीवर मोदक लावणे मात्र जोखमीचे. ‘मोदक’ या शब्दाला तो जसा बसतो तसा प्रत्येक शब्दाला बसेलच असे नाही. टाइपफेसच्या नमुन्यात नेहमी त्याला शोभणारे शब्द घेतलेले असतात, ही गोष्ट लक्षात ठेवा.

टिरो देवनागरी. हे जाड-बारीक रेघांचे, पुस्तकी परंपरेतले वळण आहे. त्याची हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी तीन स्वतंत्र रूपे उपलब्ध आहेत. एकाच लिपीसाठी तीन रूपे कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला पुढच्या भागात नेते.

६. एकच लिपी, दोन भाषा

मराठी ‘ल’ दोन पाकळ्यांचा, उजवीकडे उभा दंड नसलेला. हिंदी छपाईत रूढ असलेला ‘ल’ दंडाचा. मराठी ‘श’ देठाचा, हिंदी ‘श’ वेगळ्या वळणाचा. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरण्यास सांगितले आहे. गंमत अशी की अ, झ, ण यांची मुंबई वळणाची रूपे आज हिंदीतही सर्रास चालतात. एकेकाळी उत्तरेत त्यांची निराळी रूपे छापली जात. म्हणजे लिपीतली देवघेव दोन्ही बाजूंनी झाली आहे, आणि तरीही ल आणि श या दोन अक्षरांत मराठी डोळा आपले घर ओळखतो.

चांगल्या फाँटमध्ये ही दोन्ही रूपे ठेवलेली असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की मराठी रूपे पुढे येतात. ती नोंदवली नाही तर फाँट त्याच्या मूळ ठरावानुसार, बहुधा हिंदी रूपे दाखवतो. अनेक पाट्यांवर, पाकिटांवर, संकेतस्थळांवर मराठी शब्द हिंदी ल-श मध्ये दिसतात ते यामुळे. कुणी ठरवून केलेले नसते. कुणी ठरवलेच नव्हते, एवढेच.

आणखी तीन खुणा तपासा.

पहिली, ळ. प्रमाण हिंदीत हे अक्षर नाही. म्हणून टिळकांचे हिंदीत ‘तिलक’ झाले आणि काळे आडनावाचे ‘काले’ होते. हा टाइपफेसचा प्रश्न नाही, पण टाइपफेस निवडताना तो सोडवून घ्यावा लागतो: नाव कोणत्या भाषेतले रूप घेऊन पाटीवर जाणार?

दुसरी, ॲ आणि अर्धचंद्र. मराठीत ‘बँक’, हिंदीत ‘बैंक’. बँक ऑफ महाराष्ट्रचे उदाहरण घ्या. या बँकेची नोंदणी १९३५ मध्ये पुण्यात झाली. केंद्र सरकारच्या राजभाषा नियमांत महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात आणि छत्तीसगढ ‘क’ क्षेत्रात येतो. महाराष्ट्रात राष्ट्रीयीकृत बँकेच्या पाटीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन ओळी असतात. छत्तीसगढात हिंदी आणि इंग्रजी. त्यामुळे महाराष्ट्रातल्या पाटीवर वरच्या दोन ओळी घाईने पाहणाऱ्याला सारख्याच वाटतात. सगळा फरक ‘बँ’ आणि ‘बैं’ यांच्या डोक्यावर आहे. तिथली चिन्हे जाड आणि एकमेकांना चिकटलेली असली, तर दोन भाषांमधला दिसणारा फरकच पुसला जातो. शिरोरेषेवरची जागा मोकळी ठेवणारा टाइप इथे सौंदर्यासाठी नव्हे, अर्थासाठी हवा.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची, ऱ्य. भंडारा गावी असताना आपण ‘भंडाऱ्यात’ म्हणतो. त्याच चालीने मराठी माणूस ‘तात्यापाऱ्यात’ म्हणेल. मूळ नावात सगळी अक्षरे दोन्ही भाषांत चालणारी आहेत. पण त्याला मराठी विभक्ती लागताच ‘ऱ्या’ येतो आणि तो हिंदीत नाही. फाँटमध्ये किंवा कळफलकावर त्याची सोय नसेल, तर ‘तात्यापार्यात’ असे उमटते आणि वाचणारा ते ‘सूर्यात’च्या चालीवर वाचतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फरक एवढा मोठा आहे. तेव्हा नाव तपासून थांबू नका. व्यवसाय ज्या वाक्यात स्वतःबद्दल बोलणार आहे, ते वाक्यही टाइपात लावून पाहा.

७. कायदा काय ठरवतो, काय ठरवत नाही

महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, हेही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतील दुकानदारांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती.

कायदा क्रम आणि आकार ठरवतो. वळण ठरवत नाही, आणि ठरवू नये. पण त्याचा परिणाम पाट्यांवर पाहा. इंग्रजी नाव काळजीने रेखाटलेले असते. त्याच्या शेजारी देवनागरी नाव संगणकावर जो फाँट आधीच होता त्यात टाइप केलेले असते. विंडोजवर बरीच वर्षे तो फाँट म्हणजे र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी आखलेला ‘मंगल’. पडद्यावरचा मजकूर वाचता यावा म्हणून केलेले ते उत्तम काम होते. दहा फुटांच्या पाटीसाठी ते केलेले नव्हते. मराठी अक्षरे आकाराने बरोबरीची झाली, पण त्यांच्यासाठी घेतलेले कष्ट बरोबरीचे नाहीत, हे ग्राहकाला शब्दांत सांगता आले नाही तरी जाणवते.

रायपुरात मराठी पाटीची सक्ती नाही. तात्यापाऱ्यातला एखादा दुकानदार नावात ळ ठेवील, पाकळीचा ल निवडील किंवा एक ओळ मराठीत लिहील, तर ते स्वेच्छेने. म्हणून तिथली निवड अधिक विचारपूर्वक व्हायला हवी. ग्राहकांपैकी बहुसंख्य हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारे आहेत. त्यांना नाव अडखळत वाचावे लागले तर व्यवसायाचे नुकसान. मराठी खूण पूर्ण पुसली तर नावातला एक खरा तपशील हरवतो. ‘दोन्हीपैकी कोणते बरोबर?’ याला सर्वसाधारण उत्तर नाही. पण ठरवले कुणी, मालकाने की फाँटने, हे विचारता येते. ते मालकाने ठरवावे, हा या पाठाचा आग्रह आहे.

८. लेटरिंग आणि टाइप

एक भेद विद्यार्थ्यांकडून वारंवार सुटतो. लोगोतले नाव एकदाच रेखाटले तरी चालते. त्याला लेटरिंग म्हणतात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची आणि मासिकांची शीर्षके अशीच रेखाटली. त्या अक्षरांतून नाटकाची जात कळे. कोका-कोलाचे देवनागरी नावही त्याच्या लफ्फेदार रोमन नावाच्या चालीवर रेखाटलेले आहे. अशी अक्षरे फाँटच्या यादीत सापडत नाहीत.

टाइपफेस लागतो तो बाकीच्या सगळ्या ठिकाणी: बिल, पत्ता, भावफलक, पाकिटावरची माहिती, मोबाइलवरचा संदेश. म्हणून छोट्या व्यवसायासाठी एक व्यवहार्य मार्ग असा: नाव एखाद्या जाणत्या पेंटरकडून किंवा सुलेखनकाराकडून रेखाटून घ्यावे आणि मजकुरासाठी साधा, मोकळ्या पोटाचा टाइप घ्यावा. एक टाइपचे ‘मुक्ता’ अशा कामाला चांगले. ते मुक्त परवान्याखाली असल्याने व्यापारी वापरालाही शुल्क नाही.

फाँट युनिकोड आहे ना, हे मात्र आधी पाहा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे रोमन कळांच्या जागी बसवलेली असतात. फ्लेक्सच्या छपाईत ती चालून जातात. तोच मजकूर मोबाइलवर पाठवला की रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि नाव शोधले तर सापडत नाही.

९. निवडीचा क्रम

वरील चर्चेतून हा क्रम हाती येतो.

१. नाव कोणत्या भाषेतल्या रूपात लिहायचे ते मालकाशी बोलून ठरवा.
२. त्यातले दंड, जोडाक्षरे, वरची आणि खालची चिन्हे मोजा.
३. ल, श, ळ, ॲ, ऱ्य यांपैकी काय लागणार ते पाहा. फक्त नावात नव्हे, व्यवसायाच्या नेहमीच्या वाक्यांतही.
४. तीन-चार टाइपफेसमध्ये नाव लावा. पाटीच्या प्रमाणात छापा आणि रस्त्याच्या रुंदीइतक्या अंतरावरून वाचा. मग तेच नाव मोबाइलवर लहान करून वाचा.
५. रोमन ओळ असेल तर देवनागरी ओळ आधी ठरवा आणि रोमन तिच्याशी जुळवा.
६. स्वभावाचे शब्द, म्हणजे पारंपरिक, आधुनिक, प्रेमळ, सर्वांत शेवटी आणा. वाचनीयतेच्या परीक्षेत टिकलेल्या वळणांतून निवड करण्यासाठी ते उपयोगी पडतात.

प्रस्तावनेतले कोष्टक टाकून द्यावे असे नाही. त्याची जागा सहाव्या पायरीवर आहे, पहिल्या नव्हे.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एका दुकानाचे नाव घ्या. त्यातले दंड आणि वरची-खालची चिन्हे मोजून, त्या नावाला जाड टाइप चालेल का ते कारणांसह लिहा.
२. तुमच्या परिसरातील दहा देवनागरी पाट्यांवर ‘ल’ आणि ‘श’ ची कोणती रूपे आहेत याची नोंद करा. पाटीची भाषा आणि अक्षराचे रूप यांचा मेळ कितपत बसतो?
३. ‘सेरिफ म्हणजे विश्वास’ हे विधान देवनागरीत कसे मांडाल? जाड-बारीक रेघ, शिरोरेषा आणि पोकळी या संज्ञा वापरून उत्तर द्या.
४. समजा तात्यापाऱ्यातील एका मराठी कुटुंबाला आपल्या दुकानाचे ‘काळे’ हे नाव पाटीवर लिहायचे आहे. ‘काळे’ ठेवावे की ‘काले’? दोन्ही बाजू मांडून तुमचा सल्ला द्या.